खडकाचा कल, खाडीचा गाळ आणि गोडे पाणी

रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीवर पाऊस मुबलक पडतो. तरीही उन्हाळ्यात अनेक गावांच्या विहिरी तळ गाठतात आणि खाडीकाठच्या भातखाचरांना खाऱ्या पाण्याचे भय असते. या दोन्ही अडचणींचे मूळ भूमीच्या घडणीत आहे. ती घडण समजून घेतल्यास विहिरीवरील व बांधावरील खर्च वाया जाण्याचे टळते.

कललेले थर

कोकणातील काळा पाषाण सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी भूगर्भातून आलेल्या शिलारसाचा बनलेला आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर या रसाचे थर जवळजवळ आडवे आहेत. पनवेलच्या आसपास मात्र ते पश्चिमेकडे, म्हणजे समुद्राच्या दिशेने, कललेले आढळतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेतील जे. बी. ऑडन यांनी १९४९ मध्ये या बाकाचे वर्णन केले. आज तो ‘पनवेल फ्लेक्शर’ या नावाने ओळखला जातो. ए. जी. देसाई व एच. बर्ट्रांड या भूशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये असे मत मांडले की, भूकवच ताणले जाऊन पडलेल्या भेगांमुळे हा बाक निर्माण झाला. सेशेल्स बेटांचा भूभाग भारतापासून विलग झाला, तोही याच कालखंडाच्या आसपास.

विहिरीची जागा

किनाऱ्याला साधारणपणे समांतर अशा या भेगांत शिलारस शिरून थिजला व दगडाच्या उभ्या भिंती तयार झाल्या. त्यांना ‘डाइक’ म्हणतात. ओढ्याच्या पात्रात किंवा टेकडीच्या उतारावर अशी सरळ दगडी पट्टी पुष्कळदा उघडी पडलेली दिसते. पट्टीचा दगड अखंड असेल, तर तो जमिनीखालचे पाणी बांधाप्रमाणे अडवितो. अशा वेळी विहीर तिच्या चढाकडील बाजूस घेणे हितावह ठरते. दगड भेगाळलेला असेल, तर पट्टीतच पाणी मिळण्याचा संभव असतो. म्हणून खोदाईपूर्वी शिवारातील अशा पट्ट्यांची नोंद करावी आणि भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचा सल्ला घ्यावा.

बुडालेल्या दऱ्या

सुमारे २० हजार वर्षांपूर्वी, हिमयुगात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. पुढे बर्फ वितळून पाणी चढले व नद्यांच्या मुखाकडील दऱ्या बुडाल्या. धरमतर, रेवदंडा, राजपुरी व बाणकोट या खाड्या अशाच घडल्या. भरतीने व नद्यांनी त्यांत आणून टाकलेला बारीक गाळ म्हणजेच पेण-अलिबागकडील खारजमीन होय. ही जमीन भरतीच्या पातळीलगत असल्यामुळे तिचे अस्तित्व बांधावर अवलंबून आहे. बांधाला एकदा खांड पडली, तर त्या हंगामाचे पीक जातेच. शिवाय मातीत मुरलेला क्षार धुऊन जाण्यास पुढील पावसाळ्यांची वाट पाहावी लागते.

यास्तव पावसाळ्यापूर्वी बांधावरील खेकड्यांची बिळे बुजवावीत आणि उघाडीची झडप तपासावी. पहिल्या पावसाचे पाणी खाचरात साठवून, क्षार विरघळल्यावर ओहोटीच्या वेळी ते उघाडीवाटे बाहेर सोडावे. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने क्षार सहन करणाऱ्या पनवेल-१, पनवेल-२ व पनवेल-३ या भातजाती दिल्या आहेत. बांधाबाहेरील कांदळवन लाटांचा मारा झेलते. ते तोडू नये.

वाडीतील विहीर

नागाव, चौल व रेवदंडा येथील नारळ-सुपारीच्या वाड्या वाळूच्या पट्ट्यावर वसल्या आहेत. वाळूत मुरलेले पावसाचे पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. ढोबळ मानाने, गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा १ मीटर वर असेल, तर त्या पातळीखाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडे पाणी असते. अर्थात पंपाने वरची पातळी थोडी जरी उतरली, तरी खालचे खारे पाणी कित्येक पटींनी वर चढते. पाण्याची चव बदलू लागताच उपसा कमी करावा व विहीर अधिक खोल करण्याचा मोह टाळावा. खोली वाढविल्याने खारेपणाच जवळ येतो.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शिवारफेरीत दगडी पट्ट्या, बांधाच्या कच्च्या जागा आणि उन्हाळ्यात मचूळ होणाऱ्या विहिरी गावनकाशावर दाखवून ठेवाव्यात. हा नकाशा ग्रामसभेपुढे असल्यास नवी विहीर कोठे घ्यावी व कोणता बांध आधी दुरुस्त करावा, याचा निर्णय गाव विचारपूर्वक करू शकेल.