परड्यातली माती आणि तणनाशकाचं विष



पॅराक्वॅट हे तणनाशक पोटात गेलेला रुग्ण आला की आम्ही परिचारिका नळीवाटे औषधी कोळसा किंवा मुलतानी माती पाण्यात कालवून देत असू. या विषावर उतारा नाही. पण माती त्याला धरून ठेवते. आपल्या काळ्या चिकणमातीतही हाच गुण आहे. तो उपयोगाचा आहे आणि धोक्याचाही.

कोल्हापूरच्या ऊसपट्ट्यात पूर्वी बायका भांगलायला जायच्या. आता बऱ्याच रानांत पंप फिरतो. उसात अॅट्राझिन, मेट्रिब्युझिन, २,४-डी मारतात. फवारा वाऱ्यानं आणि पाणी पाटानं वस्तीच्या परड्यात येतं. मेथी पिवळी पडली की आपण बियाण्याला दोष देतो.

माती सगळी विषं सारखी धरत नाही. पॅराक्वॅट आणि ग्लायफोसेट मातीला घट्ट चिकटतात. अॅट्राझिन, मेट्रिब्युझिन सैल राहतात. मुळांत शिरतात, पाण्याबरोबर विहिरीकडे सरकतात. म्हणूनच युरोपीय संघानं २००४ साली अॅट्राझिन बंद करायचं ठरवलं. २,४-डी ओल्या, उबदार मातीत जिवाणू काही आठवड्यांत मोडतात. अॅट्राझिनला महिने लागतात. जिवाणूंना हवा हवी. पाणी साचलेल्या चिकण रानात हवाच नसते, म्हणून विष रेंगाळतं.

आधी परीक्षा करा. एका डब्यात परड्यातली माती आणि दुसऱ्यात कधीच फवारा न लागलेली माती घ्या. दोन्हींत काकडीचं बी लावा. तीन आठवडे पाहा. पहिल्यातली पानं कडेनं पिवळी पडून करपली, तर अॅट्राझिनसारखं विष असण्याचा संशय धरा. मात्र रोप चांगलं आलं म्हणून माती निर्धोक ठरत नाही. घट्ट चिकटलेलं विष यात दिसत नाही.

मग हे करा. उसाच्या बाजूला चर काढून येणारं पाणी वळवा, पण शेजाऱ्याच्या दारात नको. साचलेलं पाणी काढा. वाफसा आल्यावर माती खणून मोकळी करा आणि भरपूर कुजलेलं शेणखत मिसळा. लाकडी कोळशाची पूड घातली तर सैल विष काही प्रमाणात धरलं जातं. पुन्हा परीक्षा घ्या. काकडी नीट येईपर्यंत त्या मातीतली भाजी लेकरांना देऊ नका.

तणनाशकाचा रिकामा कॅन पाण्याला कधीच वापरू नका. भोक पाडून ठेवा. फवारणीहून आल्यावर आधी साबणानं अंघोळ, मग बाळाला जवळ घ्या. विष पोटात गेलं तर उलटी करवू नका. १०८ ला फोन करा आणि डबा दवाखान्यात सोबत न्या.

आणि एक गोष्ट मागून घ्या. कीटकनाशक नियम, १९७१ प्रमाणे फवारणाऱ्याला संरक्षक कपडे मिळाले पाहिजेत. तणनाशकंही त्यातच येतात. ते देणं मालकाचं काम आहे, उपकार नव्हे. एकटीनं मागितलं तर उद्या काम जाईल. दहा जणींनी मिळून मागा. औषधाचं नाव विचारल्याशिवाय पंप पाठीवर घेऊ नका.