वय, काल आणि कर्करोग : पिंपरी–चाकण पट्ट्याच्या संदर्भात

पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ह्या सरकारी कंपनीची स्थापना झाली आणि १९५५ पासून तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. १९४१–५१ ह्या दशकात भारतीयांचे सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षे होते. आज ते ७० वर्षांच्या आसपास आहे. ह्या वाढीस जी अनेक कारणे घडली, त्यांत प्रतिजैविकांचा वाटा मोठा आहे. जी माणसे पूर्वी बालपणी वा तारुण्यातच साथींना व जंतुसंसर्गाला बळी पडली असती, ती आता साठी–सत्तरी गाठतात; आणि कर्करोग हा मुख्यतः उतारवयात प्रकट होणारा रोग आहे. तेव्हा एखाद्या गावात कर्करोगाचे रुग्ण वाढले, एवढ्यावरून तेथील धोका वाढला असे म्हणता येत नाही. प्रथम तेथील लोकांचे वय विचारात घ्यावे लागते.

वय आणि कर्करोग ह्यांचा संबंध पेशींच्या विभाजनाशी आहे. पेशी दुभंगताना तिच्यातील आनुवंशिक द्रव्याची प्रत काढली जाते. ह्या प्रतीत क्वचित चुका राहतात; तंबाखूचा धूर, प्रारणे व काही रसायने त्यांत भर घालतात. बहुतेक चुका शरीर दुरुस्त करते व उरलेल्यांपैकी पुष्कळशा निरुपद्रवी असतात. पेशीची वाढ अनिर्बंध होण्यास सामान्यतः एक चूक पुरत नाही. एकाच पेशीवंशात अनेक चुका साठाव्या लागतात. आर्मिटेज व डॉल ह्या ब्रिटिश संशोधकांनी १९५४ मध्ये इंग्लंड व वेल्समधील मृत्युनोंदींवरून दाखविले की, जठर, मोठे आतडे, स्वादुपिंड इत्यादी अवयवांच्या कर्करोगाचे मृत्युप्रमाण साधारणतः वयाच्या सहाव्या घाताने वाढते. ह्याचा अर्थ असा की, वय तिसावरून साठावर गेले, म्हणजे दुप्पट झाले, तर धोका सुमारे ६४ पट होतो. बालकांतील रक्ताच्या कर्करोगास मात्र हा नियम लागू पडत नाही, आणि स्तनाच्या कर्करोगाचा आलेखही निराळा असतो.

मग म्हातारपण हेच कारण मानावे काय? १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उंदरांच्या त्वचेला बेंझपायरीन हे कर्ककारक द्रव्य नियमितपणे लावण्यात आले. काही उंदरांबाबत हा क्रम कोवळ्या वयात, तर काहींबाबत उशिरा सुरू केला. अर्बुदांचे प्रमाण उंदराच्या वयावर नव्हे, तर संपर्काच्या कालावधीवर अवलंबून असल्याचे दिसून आले. उतारवयात प्रतिकारशक्ती मंदावते, ऊतींची रचना बदलते, ह्या गोष्टींनाही महत्त्व आहे. परंतु वयाच्या आकड्यामागे पुष्कळ अंशी साठत गेलेला संपर्ककाल दडलेला असतो.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाले. त्यानंतर पिंपरी–चिंचवडच्या कारखान्यांत तरुणपणी रुजू झालेली पहिली पिढी आज वृद्ध आहे. चाकणचा वाहनउद्योग बराच नंतरचा असून तेथे तरुण कामगारांचा भरणा आहे. अशा दोन वस्त्यांची तुलना करताना काय घडते, हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. पन्नाशीच्या आत दर १०,००० माणसांत वर्षाला २, व पन्नाशीनंतर २० नवे रुग्ण होतात, आणि हे दर दोन्हीकडे सारखेच आहेत, असे समजू. एक लाख वस्तीच्या एका गावात १०,००० माणसे पन्नाशीपुढील असतील, तर वर्षाला ३८ रुग्ण आढळतील. तेवढ्याच वस्तीच्या दुसऱ्या गावात अशी माणसे ३०,००० असतील, तर ७४. धोका समान असूनही संख्या जवळजवळ दुप्पट होते. म्हणूनच कर्करोगाच्या नोंदणीत वयानुसार प्रमाणीकृत दर काढतात. भारतात लोकसंख्येवर आधारित अशी पहिली नोंदणी इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ मध्ये मुंबईत सुरू केली.

ह्याच गणिताची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. तरुणांच्या वस्तीत आज रुग्ण थोडे आढळणे हा तेथील काम निर्धोक असल्याचा पुरावा नव्हे. ॲस्बेस्टॉसच्या तंतूंमुळे फुप्फुसावरणाला होणारा कर्करोग बहुधा पहिल्या संपर्कानंतर तीस–चाळीस वर्षांनी प्रकट होतो. ओतकामातील सिलिकाची धूळ, क्रोमियमच्या मुलाम्यातील षट्‌संयुजी क्रोमियम आणि जोडकामाचा धूर हीही मान्य कर्ककारके आहेत. रोग दिसेपर्यंत कामगार निवृत्त होतो, गावी परततो. कंत्राटी कामगार तर त्याआधी अनेक कारखाने बदलतो. डॉक्टरांपुढे येतो तो केवळ साठीचा एक रुग्ण. त्याने विशीत कोणत्या खात्यात काम केले, हे विचारले न गेल्यास सारा दोष वयावर जातो.

तात्पर्य, वाढत्या रुग्णसंख्येचे खापर उद्योगांवर फोडण्यापूर्वी वयाचा हिशेब मांडला पाहिजे, आणि सर्व काही वयावर सोडून देण्यापूर्वी संपर्काचा. पहिला हिशेब जनगणना व कर्करोग नोंदणी ह्यांच्या साह्याने करता येतो. दुसऱ्यासाठी कोणी, कोठे, कशाच्या सान्निध्यात व किती वर्षे काम केले, ह्याची नोंद लागते. ती चाकणच्या आजच्या तरुणाबाबत आजच करावी लागेल.