डिस्क नसलेल्या संगणकांची सकाळ

संपादकांनी कॉलेजच्या नव्या कॉम्प्युटर लॅबवर लिहायला पाठवलं होतं. मी रमलो मात्र एका काळ्या पडद्यासमोर. लॅबमधल्या तिसांपैकी एकाही पीसीत हार्ड डिस्क नाही. ऑपरेटिंग सिस्टीम रोज सकाळी नेटवर्कवरून येते.

कल्पना जुनी. डिस्क महाग होत्या तेव्हा सन कंपनीची वर्कस्टेशन्स अशी चालायची. १९८५ मध्ये बिल क्रॉफ्ट आणि जॉन गिलमोर यांनी बूटपी हा प्रोटोकॉल मांडला, आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटी इंटेलच्या पीएक्सईने ही सोय साध्या पीसीत आणली.

"बघा, हाका मारतोय," लॅब असिस्टंट मॅडम म्हणाल्या. पडद्यावर एकच ओळ, पुढे ठिपके वाढत होते. नेटवर्क कार्डातला इवलासा प्रोग्राम आपला मॅक ॲड्रेस सांगून साऱ्या नेटवर्कला विचारत होता: मला आयपी कोण देतं? डीएचसीपी सर्व्हरने आयपी दिला. कोणती फाइल कुठून उचलायची, तेही सांगितलं.

मग ती फाइल आणायला टीएफटीपी हा प्रोटोकॉल सुरू झाला. माझा जीव जडला तो याच्यावर. मूळ रीतीत तो फाइलचा ५१२ बाइटचा तुकडा पाठवतो आणि थांबतो. पोच आली तरच पुढचा. दहा एमबीची फाइल म्हणजे वीस हजारांवर हेलपाटे! आता मोठे तुकडे ठरवून घेता येतात, पण थांबून पोच घेण्याची चाल तीच. पासवर्ड नाही, फाइलींची यादी नाही; म्हणून तर तो कार्डातल्या चिमुकल्या रॉममध्ये मावला.

काळजी वाटते ती त्या पहिल्या हाकेची. ओ देणारा कोण, हे पीसी तपासत नाही. एकदा एका विद्यार्थ्याने घरचा वायफाय राउटर लॅबच्या पोर्टला जोडला. राउटरमध्येही डीएचसीपी असतोच. त्याचं उत्तर आधी पोचलं. आयपी मिळाला, फाइलचं नाव मिळालं नाही, आणि निम्मी लॅब काळी. "दोन तास मी सर्व्हरच तपासत बसले," मॅडम सांगत होत्या. आता स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग चालू आहे. सर्व्हरच्या पोर्टखेरीज कुठूनही आलेलं उत्तर तिथेच अडतं.

स्विचचंही एक दुखणं होतं. केबलींचं वेटोळं तर झालं नाही ना, हे पाहण्यात तो पोर्ट तीस सेकंद रोखून धरायचा. काही कार्डं तेवढ्यात हाका मारून दमायची. पीसींच्या पोर्टपुरतं ते थांबणं काढून टाकलं.

सर्व्हर मात्र एकच. दुसऱ्यासाठीचा अर्ज मॅडमच्या टेबलावर होता, सहीविना. पावणेदहाला त्यांनी पहिल्या रांगेची बटणं दाबली, पडदे उजळेपर्यंत थांबल्या, मग दुसऱ्या रांगेकडे वळल्या.