दशांश संख्यांची मांडणी आणि देशोदेशींची चिन्हे

संख्या एकच असली, तरी ती लिहिण्याची रीत सर्वत्र एकच नसते. एक हजार दोनशे साडेचौतीस ही संख्या इंग्लंडात १,२३४.५० अशी, तर जर्मनीत १.२३४,५० अशी लिहितात. यामुळे १.२३४ हा आकडा जर्मन हिशेबनीस एक हजार दोनशे चौतीस असा वाचील, तर भारतीय वाचकाला तो सव्वाहूनही किंचित कमी वाटेल. बीजकात असा घोटाळा झाल्यास रक्कम सहस्रपटीने बदलते.

संगणकाच्या स्मृतीत संख्येला असा पोशाख नसतो. तो वाचकासाठी नंतर चढवावा लागतो. जावा या वस्तुनिष्ठ आज्ञावली-भाषेत १९९७ पासून हे काम 'डेसिमलफॉरमॅट' या वर्गाकडे आहे. या वर्गाची प्रत्येक वस्तू दोन गोष्टी बाळगते : मांडणीचा नमुना आणि प्रदेशाच्या चिन्हांची यादी. '#,##०.००' हा असाच एक नमुना होय. त्यातील शून्य म्हणजे अवश्य छापावयाचा अंक आणि # म्हणजे गरज असेल तरच छापावयाचा अंक. स्वल्पविराम व बिंदू केवळ जागा दाखवितात; तेथे कोणते चिन्ह उमटावे, हे यादी ठरविते. म्हणून हाच नमुना जर्मनीसाठीही चालतो.

याउलट, स्थानिक चिन्हांतच लिहिलेला नमुनाही स्वीकारता येतो. जर्मन रीतीने तो '#.##०,००' असा होईल. मात्र त्यासाठी वर्गात वेगळी क्रिया आहे. सर्वसामान्य क्रियेला हा नमुना दिल्यास तो सदोष ठरून नाकारला जातो.

भारतीय लेखनाची अडचण निराळी आहे. आपण १२,३४,५६७ असे लिहितो. म्हणजे शेवटचा गट तीन अंकांचा आणि त्यापूर्वीचे दोन-दोन अंकांचे. 'डेसिमलफॉरमॅट' मात्र नमुन्यातील केवळ शेवटच्या गटाची लांबी मानतो व १,२३४,५६७ असे छापतो. 'आयसीयू' या संग्रहातील त्याच नावाच्या वर्गात दुसऱ्या गटाची लांबीही सांगता येते. त्यामुळे लाख-कोटींची मांडणी साधते.

यावरून एक नियम निघतो : संख्या साठविताना ती चिन्हरहित ठेवावी, आणि छापताना व वाचून घेताना प्रदेश स्पष्टपणे सांगावा. पोशाख प्रदेशानुसार बदलला, तरी संख्येचे मूल्य अबाधित राहिले पाहिजे.