स्मृतिभ्रंश आणि गोठा: गैरसमज व वस्तुस्थिती

जुन्नर तालुक्यातल्या राजुरीसारख्या दुधाच्या गावात जुन्या माणसांचा जन्म गोठ्यात गेलेला असतो. अशा माणसाला विसर पडू लागला, की ‘म्हातारचळ लागला’ म्हणून घरचे मोकळे होतात आणि आधी गोठ्याशी संबंध तोडतात: ‘आबा, तुम्ही आता नुसतं बसा.’ इथेच दोन चुका होतात. स्मृतिभ्रंश म्हणजे म्हातारपण नव्हे, तो मेंदूचा आजार आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार साठीपुढच्या ७.४ टक्के भारतीयांना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना तो आहे. खेड्यांत प्रमाण शहरांहून जास्त आहे. दुसरी चूक गोठ्याची: या आजारात सहसा कालपरवाचं आधी पुसलं जातं, हाताला पडलेलं वळण बरंच उशिरापर्यंत टिकतं. नातवाचं नाव न आठवणारे आबा गव्हाणीत वैरण बरोबर टाकतात, हात फिरवताना गाय कुठे मान पुढे करते हे त्यांना ठाऊक असतं. ते काम काढून घेतलं, की उरलेलं कसबही वापराविना जातं.

याच्या उलट, जनावरांच्या सहवासाने आठवण परत येते, हाही गैरसमजच. प्राण्यांच्या सहवासावरच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०१९ च्या कॉक्रेन आढाव्यात ९ चाचण्या आणि ३०५ रुग्ण होते. उदासी किंचित कमी होत असावी, एवढंच हाती लागलं आणि तो पुरावाही कच्चा. स्मरणशक्तीवर स्पष्ट परिणाम दिसला नाही. मग खटाटोप कशाला, असं कुणी विचारेल. आजार बरा होत नसताना दिवस बरा जाणं हीच मोठी गोष्ट असते, म्हणून. नेदरलँड्समध्ये अशा रुग्णांना दिवसभरासाठी शेतांवर नेतात, तिथे ते जनावरांतही रमतात. आपल्याकडे ती सोय दारातच आहे. औषध म्हणून नवं पिल्लू आणण्यात मात्र शहाणपण नाही. त्याचं खाणंपिणं शेवटी सुनेच्याच अंगावर पडतं.

‘कुत्रा आहे, तो आबांना सांभाळेल’ हा भरवसा तर या भागात धोक्याचा आहे. शेजारच्या अकोले तालुक्यातल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारात वजनाने ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. म्हणून रात्री बिबटे दडतात त्या उसाकडे भरकटलेल्या माणसाला कुत्र्याची सोबत पुरत नाही. दाराला कडी आणि घरच्यांचं लक्ष हवं. कुट्टीचं यंत्र आणि लाथाळ जनावर यांच्यापासूनही आबांना लांब ठेवा. विसराळूपणामागे थायरॉईड किंवा बी-१२ ची कमतरताही असू शकते आणि तिच्यावर उपचार आहेत, तेव्हा आधी डॉक्टरांना दाखवा. पण गोठ्याशी संबंध तोडू नका. आबांसोबत कुणीतरी तिथे जा.