मॉर्मन तरुणाचीं दोन वर्षें

अठरा वर्षांचा मुलगा म्हणजे काय, हें कोणत्याहि आईस विचारावें. उंचीनें तो बापाच्या बरोबरीस आलेला असतो. पण स्वतःचा सदरा धुण्याची वेळ त्याच्यावर सहसा आलेली नसते, आणि दोनदां हांक मारल्यावांचून तो पानावर येत नाहीं. अशा मुलास दोन बॅगा देऊन परक्या देशीं दोन वर्षांसाठीं पाठवावयाचें. तेथें त्यानें पैसा मिळवावयाचा नाहीं, पदवी मिळवावयाची नाहीं, उलट त्याचा खर्च घरच्यांनींच सोसावयाचा, असें कोणी सुचविलें तर आपल्या घरांत केवढा कल्लोळ उडेल, याची कल्पना वाचकांनींच करावी. अमेरिकेंतील यूटा संस्थानांत मात्र ही गोष्ट अगदीं नित्याची आहे. तेथील मॉर्मन पंथाच्या घरोघरीं असा एखादा मुलगा दूरदेशीं गेलेला, नुकताच परत आलेला किंवा निघण्याच्या तयारींत असलेला आढळतो.

हा पंथ जोसेफ स्मिथ यानें १८३० सालीं न्यू यॉर्क संस्थानांत स्थापन केला. १८४४ सालीं एका खवळलेल्या जमावानें स्मिथचा तुरुंगांतच वध केला, आणि पुढें ब्रिगम यंग याच्या नेतृत्वाखालीं त्याचे अनुयायी १८४७ सालीं सॉल्ट लेकच्या ओसाड खोऱ्यांत येऊन राहिले. २०१८ सालीं पंथाच्या तत्कालीन अध्यक्षांनीं ‘मॉर्मन’ हें टोपणनांव सोडून पूर्ण नांव वापरावें असा आग्रह धरला; तथापि आपल्याकडील वाचकांस तेंच परिचित असल्यानें येथें तें कायम ठेवलें आहे. प्रचारकार्य मात्र पंथाच्या जन्माइतकेंच जुनें. संस्थापकाचा धाकटा भाऊ सॅम्युएल हा १८३० सालींच झोळींत पुस्तकें घालून गांवोगांव हिंडूं लागला होता. आज अशा तरुण प्रचारकांची संख्या ७०,००० हून अधिक आहे.

२०१२ पर्यंत या कार्यास निघण्याचें किमान वय मुलग्यांस १९ आणि मुलींस २१ होतें. त्या वर्षीं तें अनुक्रमें १८ आणि १९ करण्यांत आलें. मुलग्यांची मुदत दोन वर्षांची, मुलींची दीड वर्षाची. मुलग्यांच्या बाबतींत हें धार्मिक कर्तव्य समजलें जातें. मुलींस तें ऐच्छिक आहे. इच्छुकानें अर्ज करावयाचा, वैद्यकीय तपासणी करून घ्यावयाची आणि वाट पाहात बसावयाचें. कोठें जावयाचें हें त्याच्या हातीं नसतें. तो निर्णय सॉल्ट लेक सिटी येथील मुख्य कचेरींतून येतो. तो उघडून वाचण्याचा प्रसंग म्हणजे घरांतील एक समारंभच. आजी, आजोबा, काका, मावश्या, मित्र अशीं सारीं जमतात आणि मुलगा सर्वांसमक्ष पत्र वाचतो. कोणास ब्राझील येतें, कोणास जपान, तर कोणास शेजारचें आयडाहो संस्थान. पूर्वीं हें पत्र टपालानें येत असे. २०१८ पासून तें संगणकावर येऊं लागलें आहे. मंडळी जमण्याची रीत मात्र सुटलेली नाहीं.

यानंतर शिक्षण. यूटांतील प्रोव्हो या गांवीं या पंथाची मोठी प्रशिक्षणशाळा आहे. तेथें पन्नासांहून अधिक भाषा शिकविण्याची सोय आहे. परभाषा शिकावयाची नसेल तर थोडे दिवस, असेल तर कांहीं आठवडे. इतक्या अवधींत जपानी किंवा रशियन भाषा येते असें नाहीं. परंतु मोडकेंतोडकें बोलण्याची लाज तेवढी जाते, आणि नवीन भाषा शिकणारास त्या लाजेचाच अडथळा अधिक असतो. येथेंच त्याचें घरगुती नांवहि मागें पडतें. पुढील दोन वर्षें तो आडनांवानेंच ओळखला जावयाचा, आणि त्यामागें ‘एल्डर’ म्हणजे ‘वडील’ ही उपाधि लागावयाची. मिसरूडहि नीट न फुटलेल्या पोरास सर्वांनीं ‘वडील’ म्हणावें यांतील गंमत त्या मुलांनाहि कळत असावी. पण हांक मोठी असली म्हणजे वागणेंहि तिला शोभेसें करावें लागतें.

त्याचा दिनक्रम घड्याळाशीं बांधलेला असतो. पहाटे साडेसहाला उठावयाचें. अर्धा तास व्यायाम. मग स्नान, न्याहारी. आठ ते नऊ एकट्यानें धर्मग्रंथांचें वाचन, नऊ ते दहा जोडीदारासह. दहाला बाहेर पडावयाचें तें रात्रीं नऊच्या सुमारास परतावयाचें, दुसऱ्या दिवसाची आंखणी करावयाची आणि साडेदहाला दिवा मालवावयाचा. हें वेळापत्रक वर्षानुवर्षें चाललें. २०१७ सालीं देशकालानुरूप त्यांत थोडी मोकळीक देण्यांत आली. चित्रपट नाहीं, दूरदर्शन नाहीं, प्रेमप्रकरण तर मुळींच नाहीं. मद्य, तंबाखू, चहा आणि कॉफी हीं तर १८३३ च्या धर्माज्ञेमुळें सर्वच मॉर्मनांस वर्ज्य आहेत. चहावांचून ज्यांचें तोंड उघडत नाहीं अशा आपल्या वडीलधाऱ्यांनीं या एका नियमाचा तरी क्षणभर विचार करावा.

परंतु या नियमांतील खरा कठीण नियम निराळाच आहे. प्रचारकानें कधींहि एकटें राहावयाचें नाहीं. स्नानगृहाचा अपवाद सोडल्यास जोडीदार सदैव दृष्टीच्या टप्प्यांत असावयाचा. हा जोडीदार स्वतः निवडतां येत नाहीं. प्रांताचा प्रमुख तो नेमून देतो आणि कांहीं महिन्यांनीं बदलतो. एक घोरणारा, एक अबोल. एक टापटिपीचा, एक गबाळा. दोघांचें पटलें नाहीं तरी सकाळीं पुनः त्याच्याचबरोबर बाहेर पडावयाचें. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आपल्या वाचकांस, विशेषतः वाचकभगिनींस, या शिक्षणाचें मोल समजावून सांगण्याची गरज नाहीं. न निवडलेल्या माणसाबरोबर गोडीनें राहाणें ही विद्या कोणत्याहि शाळेंत शिकवीत नाहींत.

बाहेर पडून तो काय करतो? पूर्वीं सारा भर दारोदार जाण्यावर असे. आतां भ्रमणध्वनि आणि समाजमाध्यमें हींहि हाताशीं आलीं आहेत. तथापि नकार ऐकणें हेंच अद्याप त्याचें मुख्य काम. कोणी दार उघडीत नाहीं, कोणी उघडून लावून घेतो, कोणी चेष्टा करतो. दिवसच्या दिवस कोणी पांच मिनिटें बसवून घेतलें नाहीं, असेंहि होतें. मग संध्याकाळीं स्थानिक मंडळींपैकीं कोणी जेवावयास बोलावितें, आणि आपल्याकडे वार लावून जेवणाऱ्या विद्यार्थ्याप्रमाणें तो निरनिराळ्या घरचें, निरनिराळ्या चवीचें अन्न मुकाट्यानें गोड मानून घेतो. आठवड्यांतून एक दिवस तयारीचा: त्या दिवशीं कपडे धुणें, बाजारहाट, खोली झाडणें आणि घरीं पत्र.

खर्चाची व्यवस्थाहि लक्षांत घेण्यासारखी आहे. पगार कोणासच नाहीं. अमेरिकेंतून निघणाऱ्या प्रत्येकाबद्दल दरमहा ठराविक रक्कम भरावी लागते. ती पूर्वीं ४०० डॉलर होती, २०२० च्या जुलैपासून ५०० डॉलर झाली. महागड्या टोकियोंत जावो कीं स्वस्त मुलखांत, रक्कम एकच. त्यामुळें गरिबाच्या मुलास महाग ठिकाण आलें म्हणून कोणी रडत नाहीं. ही रक्कम मुलाच्या स्वतःच्या शिलकेंतून येते, किंवा आईबाप, नातलग, गांवची मंडळी यांच्याकडून. पुष्कळ घरांत मुलगा लहान असतांनाच या खर्चासाठीं एक डबा निराळा ठेवितात.

मात्र आईच्या दृष्टीनें पैशाहून मोठी किंमत विरहाची. २०१९ पर्यंत घरीं दूरध्वनि करण्याची मुभा सामान्यतः वर्षांतून दोनच वेळां असे: नाताळास आणि मातृदिनास. बाकी सारा कारभार पत्रांचा. त्या वर्षींच्या फेब्रुवारींत दर आठवड्यास घरच्यांशीं बोलण्याची परवानगी मिळाली, आणि पुष्कळ आयांनीं सुटकेचा निःश्वास टाकला असेल. जुन्या पिढीच्या हालांस तर सीमाच नव्हती. १८३९ च्या सप्टेंबरांत ब्रिगम यंग आणि हीबर किंबॉल इंग्लंडास निघाले, तेव्हां दोघेहि तापानें इतके क्षीण झाले होते कीं गाडींत चढण्यासहि आधार लागला. यंगची बायको दहा दिवसांची बाळंतीण. किंबॉलची बायको अंथरुणाला खिळलेली. गाडी थोडी दूर गेल्यावर, मागें राहिलेल्यांचें मन खचूं नये म्हणून, दोघे कसेबसे गाडींत उभे राहिले आणि टोप्या उडवून त्यांनीं जयघोष केला. इतिहासांत तो जयघोष नोंदला गेला. त्या दोन बायकांनीं पुढचे महिने कसे काढले हें कमी सांगितलें जातें.

आपल्या मुलखाशींहि या कथेचा एक धागा जुळतो. १८५२ सालीं ह्यू फिंडले नांवाचा मॉर्मन प्रचारक मुंबईस उतरला आणि पुढें पुण्यास गेला. त्यानें मराठीचा अभ्यास आरंभिला आणि मराठी लोकांस उद्देशून एक पुस्तिकाहि काढली. मूठभर अनुयायी मिळाले. पण १८५५ सालीं त्यास परत जावें लागलें. ज्या पुण्यांत शास्त्रार्थाची परंपरा घरोघरीं नांदत होती, तेथें त्याचा टिकाव लागला नाहीं यांत नवल नाहीं; पण परभाषेशीं झटणाऱ्या त्या माणसाच्या चिकाटीचें नवल वाटल्यावांचून राहात नाहीं.

या प्रथेची दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. मुदत संपण्यापूर्वीं कांहीं मुलें परत येतात: कोणी शरीराच्या दुखण्यानें, कोणी मनाच्या. ज्या समाजांत दोन वर्षें पुरीं करणें हें पुरुषार्थाचें लक्षण मानलें जातें, तेथें अशा मुलास लोकांच्या नजरा सहन करणें कठीण जातें. ज्यानें पांचशें दारांवरील नकार सोसला, त्यास स्वतःच्या दारीं मान खालीं घालून उभें राहावें लागावें, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. शिवाय, दुसऱ्याच्या दारीं जाऊन त्याचा धर्म बदलूं पाहाणें योग्य कीं अयोग्य, हा प्रश्न राहतोच. आणि आपल्यापैकीं बहुतेकांचें उत्तर त्या तरुणाच्या उत्तराहून भिन्न असेल.

तथापि मतभेद बाजूस ठेवून आईबापांनीं या उदाहरणांतून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. आपलीं मुलेंहि आतां शिक्षणासाठीं, नोकरीसाठीं दूर जातात. परंतु तीं बहुधा स्वतःच्या उत्कर्षासाठीं जातात, आणि तयारी म्हणून आपण त्यांच्याबरोबर लोणच्याची बरणी देतों. त्यांनीं स्वतःचे कपडे धुवावेत, परक्याचें अन्न गोड मानावें, नकार ऐकून दुसऱ्या दिवशीं पुनः वेळेवर उठावें, ही तयारी घरांत असतांनाच करून देतां येण्यासारखी आहे. आणि दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. मुलगा ठरल्याआधीं, कांहींहि न मिळवितां परत आला, तर दार उघडतांना प्रथम त्याचें कुशल विचारावें. कारण विचारावयास पुढें पुष्कळ दिवस असतात.