अंगारमळ्याच्या बांधावरून

नेता समजून घ्यायचा असेल तर त्याच्या सभेला जाण्यापेक्षा त्याच्या शेतावर जावे. सभेत माणूस बोलतो ते दुसऱ्यांसाठी. शेतात मात्र त्याची गाठ स्वतःच्याच जमाखर्चाशी पडते.

अमेरिकेतल्या लोकांनी ही गोष्ट चांगली ओळखली आहे. तिथले माजी अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी 1974 साली कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बराजवळच्या डोंगरात 688 एकरांची जागा घेतली. घर लहान आणि साधे. अध्यक्ष असताना सुटी मिळाली की रेगन इथे येत, लाकडे फोडत, कुंपण घालत, घोड्यावर रपेट करीत. 13 ऑगस्ट 1981 रोजी मोठ्या करकपातीच्या कायद्यावर त्यांनी सही केली ती याच घरासमोर बसून. 1998 साली ही जागा तरुणांमध्ये उजव्या विचारांचा प्रसार करणाऱ्या एका संस्थेने विकत घेतली. तेव्हापासून तिथे विद्यार्थ्यांना नेतात, ते साधे घर दाखवतात आणि सांगतात, 'सरकार जितके लहान, तितका माणूस मोठा.' एका माणसाचे शेत ही एका विचाराची पाठशाळा झाली.

महाराष्ट्रात असे शेत शोधायचे तर पुणे-नाशिक रस्त्यावरच्या चाकणला उतरावे लागते. तिथून जवळच आंबेठाण आहे आणि आंबेठाणला शरद जोशींचा अंगारमळा. जोशी काही अध्यक्ष किंवा मुख्यमंत्री नव्हते. 2004 ते 2010 अशी सहा वर्षे ते राज्यसभेत होते. पण 'सरकारने शेतकऱ्याच्या वाटेतून बाजूला व्हावे' हे वाक्य मराठी मुलखात खेडोपाडी पोहोचवले ते याच माणसाने.

लाल बावट्याच्या गावाहून

आम्ही चार-पाच जण कंधारहून रात्रीच्या गाडीने निघालो. आमच्या तालुक्याचा या विचाराशी संबंध काय, असे कोणी विचारील, आणि ते खरेही आहे. कंधार म्हणजे भाई केशवराव धोंडगे यांचे गाव. शेतकरी कामगार पक्षाचा लाल बावटा इथे पिढ्यान् पिढ्या फडकला. मन्याड खोऱ्यातल्या या वाघाला आम्ही अनेकदा आमदार केले, 1977 साली नांदेडचे खासदार म्हणून दिल्लीलाही पाठवले. गोरगरिबांच्या पोरांसाठी त्यांनी मोफत शाळा काढल्या, गुराख्यांचे साहित्य संमेलन भरवले. 1 जानेवारी 2023 रोजी, शंभरी ओलांडून, ते गेले. सरकारला धारेवर धरायचे आणि त्याच्याकडून हक्काने मागून घ्यायचे, हे राजकारण आम्ही त्यांच्याकडून शिकलो. जोशी मात्र सांगत होते की मागणेच सोडा.

चाकण सोडले की आधी दिसतात ते कारखाने. मोटारींचे, त्यांच्या सुट्या भागांचे. मालट्रकांची रांग संपत नाही, आणि जिथे एके काळी कांदा-बटाटा होता तिथे प्लॉट विक्रीच्या पाट्या उभ्या आहेत. याच चाकणच्या बाजारात 1978 साली कांद्याचे भाव कोसळले होते आणि शेतकरी रस्त्यावर बसले होते, हे आज तिथल्या तरुण कामगाराला सांगूनही खरे वाटणार नाही.

जोशी तिथे आले ते कसायला. जन्म 1935 चा, साताऱ्याचा. भारतीय टपाल सेवेतले अधिकारी. पुढे स्वित्झर्लंडमध्ये बर्नला जागतिक टपाल संघाच्या कचेरीत बड्या पगाराची नोकरी. ती सोडून 1977 साली त्यांनी आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली. भारताच्या गरिबीचे मूळ कोरडवाहू शेतीत आहे, तर ती स्वतः करून पाहू, हा त्यामागचा विचार. बियाणे, खत, मजुरी, वाहतूक, अडत, हमाली यांचा खर्च आणि हाती आलेली पट्टी त्यांनी वहीत मांडली, आणि हिशेब जुळेना. आपल्याकडे असा हिशेब जुळला नाही की आपण नशिबाला बोल लावतो, नाहीतर पावसाला. जोशींनी बोट ठेवले ते धोरणावर. शेतकरी आळशी नाही, अडाणीही नाही. शहराला आणि कारखान्याला धान्य आणि कच्चा माल स्वस्त मिळावा म्हणून त्याचे भाव मुद्दाम पाडले जातात, हा त्यांचा निष्कर्ष. 'भारत विरुद्ध इंडिया' ही त्यांची मांडणी त्यातूनच आली. 1979 साली शेतकरी संघटना उभी राहिली आणि अंगारमळ्यावर कार्यकर्त्यांची शिबिरे भरू लागली. जिरायती शेतातले ते घर महाराष्ट्रभरच्या शेतकऱ्यांची शाळा झाले.

उजवे कोणाला म्हणायचे?

या विचाराला नाव काय द्यायचे, यावर येताना गाडीत बराच वाद झाला. आपल्याकडे उजवा म्हटले की डोळ्यांसमोर येतो तो पुराणमतवादी: सोवळेओवळे पाळणारा, बायकांनी घरात राहावे म्हणणारा. त्या मापात जोशी बसतच नाहीत. 1986 साली चांदवडला त्यांनी भरवलेल्या अधिवेशनाला लाखोंच्या संख्येने शेतकरी बाया आल्या. पुढे 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक देऊन त्यांनी हजारो शेतकऱ्यांना बायकोच्या नावावर जमीन करायला लावली. आणि हाच माणूस 9 मार्च 2010 रोजी राज्यसभेत महिला आरक्षणाच्या विधेयकाविरुद्ध उभा राहिला. बाजूने 186 मते, विरुद्ध एक. ते एक मत जोशींचे. दर निवडणुकीला मतदारसंघ फिरवत ठेवण्याची पद्धत त्यांना मान्य नव्हती. पटो न पटो, एवढ्या मोठ्या सभागृहात एकट्याने हात वर करायला छाती लागते.

त्यांची वंशावळ लावायचीच तर ती राजाजी आणि मिनू मसानी यांच्या स्वतंत्र पक्षाशी लावावी लागते. 1959 साली निघालेला हा पक्ष 1967 साली लोकसभेत 44 जागा घेऊन सर्वांत मोठा विरोधी पक्ष झाला होता, आणि 1974 साली दुसऱ्या पक्षात विरून गेला. त्याचीच आठवण ठेवून जोशींनी 1994 साली स्वतंत्र भारत पक्ष काढला. मतदारांनी त्याला जवळ केले नाही. ज्यांच्या सभांना लाखो लोक जमत त्यांना मतपेटीत हजार मोजताना दमछाक होई. आमच्या जिल्ह्यानेही तेच केले. आंदोलनात माणूस शेतकरी असतो, आणि मतदानाच्या दिवशी तो पुन्हा जातीचा, पावण्यारावळ्यांचा आणि साखर कारखान्याचा होतो.

घेणारा हात, देणारा हात

जोशींचे बरोबर होते काय? मराठवाड्याच्या माणसाला याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. आमच्या आजोबांनी निजामाच्या राज्यातली धान्याची लेव्ही पाहिली आणि वडिलांनी स्वतंत्र महाराष्ट्रातली ज्वारीची लेव्ही. बाजारात जास्त भाव असताना पोती सरकारने ठरवलेल्या दराने घालावी लागत. कापसाचेही तेच. 1972 पासून जवळजवळ तीस वर्षे एकाधिकार खरेदी होती. कापूस राज्याबाहेर नेला तर तो गुन्हा.

पण 1972 चा दुष्काळही आम्हीच पाहिला. तेव्हा खडी फोडून माणसे जगली ती सरकारी कामावर, आणि पोरे जगली ती सुकडीवर. त्यातूनच रोजगार हमीचा कायदा झाला. नांदेडजवळ गोदावरीवर विष्णुपुरीचे पाणी आले तेही सरकारने आणले. बाजाराने आणले नसते. तेव्हा एक हात घेणारा आणि एक देणारा, असे सरकार आम्हाला दोन्ही हातांनी ठाऊक आहे.

आमच्यासोबत आलेले एक वयस्कर सोयाबीनवाले काका बांधावर उभे राहून म्हणाले, "सरकारनं द्यावं बी नाही अन् घ्यावं बी नाही, हे ऐकायला ब्येस हाय. पर ते आधी घेणं थांबवंल का?"

काकांचा प्रश्न वर्मावर आहे. 2021 साली सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेले होते. ऑगस्टमध्ये केंद्राने बारा लाख टन सोयापेंड आयातीला परवानगी दिली आणि डिसेंबरमध्ये सोयाबीनचे वायदे बंद केले. भाव उतरले. 2024 च्या दिवाळीत हमीभाव होता 4892 रुपये, आणि बाजारात माल त्याहून कितीतरी खाली जात होता. डिसेंबर 2023 मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली तेव्हा नाशिकनेही हेच भोगले. आधी भाव पाडायचे, मग अनुदान देऊन पाठ थोपटून घ्यायची. जोशी याला 'उणे सबसिडी' म्हणत. 'भीक नको, हवे घामाचे दाम' या घोषणेचा अर्थ तोच.

रेगन यांच्या चाहत्यांना एक गोष्ट सांगायला हवी. सरकार हाच प्रश्न आहे, असे म्हणणाऱ्या या अध्यक्षाच्याच काळात अमेरिकेतले शेतकरी कर्जात बुडाले. 1983 साली जमीन पडीक ठेवण्यासाठी त्यांना सरकारी कोठारातले धान्य द्यावे लागले, आणि शेतीवरचा सरकारी खर्च तोवर कधी नव्हे इतका वाढला. तेव्हा सरकारला संपूर्ण हद्दपार करणे तिथेही जमले नाही.

आणि जोशींनी तरी कुठे तसे म्हटले होते? जानेवारी 1980 मध्ये त्यांनी वांद्रे ते चाकण असा पायी मोर्चा काढला तो रस्त्यासाठी. म्हणजे रस्ता करणे हे सरकारचे काम, हे त्यांनाही मान्य होते. रस्ता बांधा, पण त्यावरून जाणारी माझी बैलगाडी अडवू नका. अंगारमळ्याचे सार मला तरी एवढेच दिसते. आणि यात धोंडगेभाईंशी त्यांचे वाटते तितके भांडण नाही. शाळा, पाणी, रस्ता, दुष्काळात काम हे सरकारकडून हक्काने घ्यावे, हे भाईंनी शिकवले. मालाच्या भावाला मात्र त्याने हात लावू नये, हे जोशींनी. मन्याडच्या खोऱ्याला दोन्ही धडे हवेत.

12 डिसेंबर 2015 रोजी शरद जोशी गेले. त्यांच्या घराचे स्मारक कसे असावे यापेक्षा मोठा प्रश्न आहे तो त्यांच्या वहीचा. आपल्यापैकी कितीजण घरच्या शेतीचा जमाखर्च लिहितात? येत्या हंगामात एकरी खर्च किती आणि पट्टी किती, एवढे दोन आकडे प्रत्येक घरात लिहिले गेले, तर मत मागायला येणाऱ्याला, मग तो उजवा असो की डावा, काय विचारायचे ते आपल्याला कोणी शिकवावे लागणार नाही.